चुरीबाईंना हवी होती ती गाडी

चुरीबाई गाडी चालवायला बसल्या की रस्त्याशी बोलायला लागत.

"आला बघ रिक्षावाला. हा आता वळणार, आणि हात काय बाहेर काढणार नाय. वळ बाबा, वळ. आता मी जरा डावीकडं घेते. पुढं खड्डा हाय, धरून बस गं. ब्रेक मारते हां, हळूच."

पालघर ते बोईसर या रस्त्यावर कितीतरी वर्षं मी हे ऐकत गेले. बाई पालघरजवळच्या माहीम गावाहून निघत, पालघरला मला घेत आणि आम्ही दोघी बोईसरच्या शाळेत जात असू. त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. मी लग्न होऊन सांगलीकडून इथं आलेले, नवरा तारापूरच्या एका कारखान्यात. इथलं 'हाय' आणि 'नाय' माझ्या कानाला ओळखीचं झालं ते बाईंच्या गाडीत. वर्गात त्या पुस्तकी बोलत. स्टिअरिंगला हात लागला की माहीम परत येई.

गाडी लहानशी, पांढरी आणि तेव्हाच जुनी झालेली. रोज सकाळी त्या ती ओल्या फडक्यानं पुसत. हॉर्न मात्र जवळजवळ कोराच. "हॉर्न म्हणजे शिवी. उगाच कशाला द्यायची?" असं त्यांचं म्हणणं. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा मासळीची पाटी घेतलेली बाई रस्ता ओलांडत असली की त्या गाडी पार उभी करत, मागचे कितीही बोंबलले तरी. "तिला मान वळवता येत नाय. मग आपणच बघायला पायजे." ती पलीकडे पोचली, तिनं पाटी सारखी केली, की मगच बाई गिअर टाकत. मला शाळेला उशीर होईल म्हणून मी घड्याळ बघितलं तर म्हणत, "रस्ता सगळ्यांचा, घाई आपली एकटीची."

गाडी त्या वडलांच्या टेम्पोवर शिकल्या. माहीमला त्यांचा पानमळा. खायच्या पानांच्या टोपल्या पहाटे पालघर स्टेशनला पोचवायच्या असत. एकदा वडलांचा हात मोडला. थोरल्या भावाला गाडीची धास्ती. वडील गळ्यात हात बांधून शेजारी बसले आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला म्हणाले, "चालव." स्टेशनला पोचेपर्यंत सगळं ठीक झालं. टोपल्या उतरल्या. मग कळलं की हिला गाडी मागे घेता येत नाही. मुलगी टेम्पो चालवतेय हे बघायला हमाल जमलेच होते. बाईंनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "बघत काय उभे राहिलात? ढकला मागं!" आणि त्यांनी ढकलला. ही गोष्ट सांगताना त्या इतक्या हसत की गाडी कडेला घ्यावी लागे.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. भाऊ लवकर गेला. पुतण्या शिकून सुरतला नोकरीला लागला. माहीमच्या घरात उरल्या दोघी, बाई आणि त्यांची वैनी. वैनी पानमळा बघत. आवाज असा, की विहिरीवर बोलल्या तर रस्त्यावर ऐकू यावं. नणंदेच्या गाडीत बसल्या की डोळे घट्ट मिटून घेत आणि वरची कडी सोडत नसत. "सुमन, हलू चालव गं," हे त्यांचं सुरू होई ते उतरेपर्यंत. बाई म्हणत, "वैनी, गाडी अजून चालू पण नाय केली."

शाळेत त्या आठवीला जडत्व शिकवायच्या ते मैदानात गाडी आणून. पुढच्या काचेखाली एक लिंबू ठेवायचं. दोन मुलं आत, बाकीची बाहेर. गाडी थोडी पळवायची आणि ब्रेक. लिंबू टणकन काचेवर. "गाडी थांबली. लिंबू का नाही थांबलं?" मुलं ओरडून उत्तरं देत. शेवटी ते लिंबू चिरून सगळ्यांना सरबत. वर्षानुवर्षं तोच धडा आणि तेच सरबत, पण दर वर्षी मुलांइतक्याच त्याही उत्सुक असत.

संदीप भोये त्याच वर्गांपैकी एका वर्गातला. वाणगावच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूचा एक पाडा, तिथला हा मुलगा. आईबाप पावसाळ्यात नाचणी-भात करायचे, मग वीटभट्टीवर जायचे. तो बोईसरच्या वसतिगृहात राहून शिकला. त्याला विज्ञान प्रदर्शनासाठी पालघरला न्यायचं होतं आणि गाडीत बसल्याबसल्या त्याला उलटी झाली. पुन्हा निघालो, पुन्हा उलटी. पोरगा रडवेला झाला, "बाई, मी चालत येतो," म्हणाला. बाईंनी मला मागे बसवलं आणि त्याला पुढं घेतलं.

"समोर लांब बघ. आणि माझं ऐक. मी काय करणार ते मी आधी सांगते. आता वळणार, उजवीकडं. आता ब्रेक. आता खड्डा, एक गचका बसेल. बसला? आता सरळ रस्ता हाय, उमरोळीपर्यंत काय नाय."

पालघरपर्यंत त्याला काही झालं नाही. उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, काय होणार ते कळलं की पोटात ढवळत नाही." बाईंनी मला सांगितलं, "बघ, याला कळलं. हा पुढं जाणार."

तो गेला. इंजिनिअर झाला, पुण्याला लागला. दिवाळीत बाईंना भेटायला यायचा.

बाईंचे डोळे कधी बिघडायला लागले ते नेमकं सांगता येणार नाही. आधी संध्याकाळचं चालवणं बंद झालं. शाळेत कार्यक्रम असला तरी दिवस कलायच्या आत त्या निघत. मग टेबलाच्या कडेचा चहाचा कप त्यांच्या हाताला लागून पडायचा. वर्गात बाजूच्या रांगेतल्या मुलानं हात वर केलेला त्यांना दिसायचा नाही. समोरचं सगळं त्या स्वच्छ वाचत, फळ्यावर सरळ लिहीत. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नसावं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं म्हणत त्या दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरकडे जाणार होत्या.

दिवाळीच्या आधीच ते घडलं. त्या दिवशी शाळेच्या कामासाठी आम्ही कुंभवलीकडे गेलो होतो. पाळी सुटण्याची वेळ. कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडत होता. बाईंचं बोलणं चालू होतं, "हा थांबला, ती बस निघाली, आता आपण..." आणि डाव्या बाजूनं एक सायकलवाला आमच्या पुढच्या चाकाला लागून आडवा झाला. तो मलाही शेवटच्या क्षणी दिसला. बाईंना तो दिसलाच नव्हता.

तरुण कामगार होता, बिहारकडचा. गुडघा आणि कोपर सोलवटलं होतं. डबा रस्त्यावर उघडा पडून भात सांडला होता. तो उठून बसला आणि रागानं ओरडला, "मैडम, दिखता नहीं क्या?"

शिवी म्हणूनच विचारलेला प्रश्न होता तो. बाई त्याच्यासमोर रस्त्यावर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "नहीं दिखा, भैया." त्यांनी त्याचा गुडघा स्वतःच्या पदरानं पुसला. तोच मग ओशाळला. "कुछ नहीं हुआ मैडम, छोड़िए." त्याला त्यांनी दवाखान्यात नेलं, पण रिक्षानं. गाडी कडेला होती तिथंच ठेवली.

दवाखान्यातून परत आल्यावर त्यांनी जवळच्या गॅरेजवाल्याच्या हातात किल्ली दिली आणि "माहीमपर्यंत सोड बाबा," म्हणाल्या. आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसल्या. मी मागे. माहीमपर्यंत बाई एक शब्द बोलल्या नाहीत. तो मुलगा गाडी चांगली चालवत होता, पण मला प्रत्येक वळण अचानक आल्यासारखं वाटत होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार घराण्यातून येतो. नजर कडेनं मिटत येते; नळीतून बघितल्यासारखं दिसत राहतं, आणि नळी बारीक होत जाते. औषध नाही. बाईंनी परत गाडीला हात लावला नाही. विकलीही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी राहिली, आणि आयुष्यभर तिला घाबरणाऱ्या वैनी दर आठवड्याला ती धुवायला लागल्या.

मग बाई रिक्षानं येऊ लागल्या, पुढं तेही अवघड झालं तेव्हा नोकरी सोडली. मी रविवारी माहीमला जायची. एकदा ओट्यावर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "वैशाली, नजर जायला लागली की पहिलं काय जातं ठाऊक हाय? मला वाटायचं रंग जातील, माणसांचे चेहरे जातील. ते अजून हायेत थोडे थोडे. पण उठून निघणं गेलं. आधी मी चप्पल घालायचे आणि निघायचे. आता मला कुणाला तरी सांगावं लागतं, मला अमुक ठिकाणी जायचंय. मग तो विचारतो, कशाला?"

त्याच सुमाराला त्यांनी विनाचालक गाड्यांचं मनावर घेतलं. परदेशात कुठल्या शहरात अशा गाड्या रस्त्यावर आल्या, कुठं बंद केल्या, कुठं अडकल्या, सगळं त्या मोबाइलवर ऐकत. मोबाइल वाचून दाखवायचा आणि बाई मान हलवत बसायच्या. त्यांचा एकच मुद्दा असे: "मला डोळे कोण देणार नाय, ते कळलं. पण गाडीला तर डोळे देतायत ना? मग झालं."

मी एकदा त्यांना शाळेत घेऊन गेले, मुलांशी बोलायला. त्यांनी या गाड्यांबद्दलच सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, पण आपल्या रस्त्यात म्हैस बसली तर ती गाडी काय करेल?"

"म्हैस बसली तर मी काय करायचे?"

"थांबायच्या."

"मग तीपण थांबेल. म्हशीपुढं सगळे सारखेच."

मुलं हसली. बाईही हसल्या, पण परतताना रिक्षात त्या अस्वस्थ होत्या. "आपल्या इकडं यायला वेळ लागेल गं," एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी दिवाळीत संदीप आला तो नोकरी बदलून. पुण्याच्या एका कंपनीत अशीच गाडी तयार करत होते. बाईंनी त्याचा हात धरूनच ठेवला. "तू चालवायला शिकवतोस तिला?"

"नाही बाई, ते दुसरे करतात. माझं काम आत बसलेल्या माणसाचं. त्याला भीती वाटू नये, गाडी काय करतेय ते त्याला कळावं, एवढं बघायचं. गाडीनं काय बोलावं, केव्हा बोलावं." मग तो म्हणाला, "तुम्ही मला प्रदर्शनाला नेलं होतंत ना, तेच काम आहे ते."

बाई नुसता त्याचा हात थोपटत राहिल्या.

त्याला त्यांनाच प्रश्न विचारायचे होते. ज्यांना दिसत नाही त्यांना गाडीकडून काय हवं असतं ते कुणी नीट विचारलेलं नव्हतं. वैनींनी केळी आणि चहा आणला आणि त्याही दाराला टेकून ऐकत उभ्या राहिल्या.

"वळणं, ब्रेक तर सांगच," बाई म्हणाल्या. "पण मला बाहेरचं पण सांगायला हवं. उमरोळी आली, आज भाजीवाल्या बसल्यात, भाताची कापणी झाली, खाडीला भरती हाय. नायतर मी म्हणजे काय, गोणी. इथनं उचलली, तिथं टाकली."

संदीपनं मोबाइलवर ते बोलणं टिपलं. मग विचारलं, "भीती कशाची वाटेल, बाई? गाडी धडकेल याची?"

"नाय रे. पोचल्यावरची. गाडी म्हणेल, आपण पोचलो. दार उघडेल. आणि मी पाय बाहेर टाकेन तेव्हा पुढं काय हाय? गटार हाय की पायरी? कोण उभं हाय का? तुझ्या गाडीत डायवर नाय, म्हणजे 'बाई, जरा संभाळून' म्हणणारं पण कोण नाय."

"मी असेन ना दारात," वैनी मागून म्हणाल्या. "आनि नसेन तवा ती गाडी हाक मारेल. वैनी, वैनी म्हणून."

सगळे हसलो.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी संदीपचा फोन आला. गाडी बोईसरला आणणार होते. माणसाशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नव्हती, म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याचं आवार त्यांनी काही दिवसांसाठी घेतलं होतं. किनाऱ्याकडची दमट हवा, पाऊस, उखडलेले रस्ते, यात गाडीला कसं दिसतं ते बघायचं होतं. "आणि बाईंना बसवायचं आहे," तो म्हणाला.

बाईंनी त्या दिवशी नवी साडी नेसली. वैनी फाटकापर्यंत आल्या आणि गाडीत बसायला साफ नाही म्हणाल्या. "डायवर असलेल्या गाडीतच माझा जीव जातो. बिगर डायवरच्या गाडीत बसू मी?"

टपावर, बाजूला, पुढं, सगळीकडे कॅमेरे लावलेली गाडी होती. संदीप मागे बसणार होता, हातात थांबवायचं बटण घेऊन. त्यानं बाईंसाठी मागचं दार उघडलं. बाई गाडीला हात लावत लावत पुढच्या उजव्या दाराशी गेल्या.

"इथं बसले तर चालेल?"

संदीपनं त्याच्या लोकांकडे बघितलं. कुणीतरी मान हलवली. बाई चालकाच्या जागी बसल्या. हात आपोआप स्टिअरिंगकडे गेले आणि तिथनं परत मांडीवर आले. मी आणि संदीप मागे.

"आपण निघत आहोत," गाडी म्हणाली. बायकी, सपाट आवाज. "पुढे उजवीकडे वळण आहे."

"हिला मराठी कुणी शिकवलं रे? बातम्या देते जशी," बाई म्हणाल्या, पण त्या हसत होत्या. गाडी वळली. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणाआधी, पेडलच्या अलीकडे, नुसताच खाली दाबला जात होता. गाडी ब्रेक मारायची त्याच्या जरा आधीच त्यांचा पाय दाबला जायचा. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बरोबर! आता सोड... आता घे..." गाडी काय करणार ते गाडीच्या आधी बाई सांगत होत्या. मी कितीतरी वर्षांनी त्यांचं ते बोलणं ऐकत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्यांना दिसणार नव्हतं म्हणून मी पुसलंही नाही.

मागच्या कुंपणापाशी गाडी एकदम थांबली. "अडथळा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

"काय अडथळा?" बाईंनी विचारलं.

गाडीनं परत तेच सांगितलं.

"वैशाली, काय हाय समोर?"

"वाफ आहे बाई. शेजारच्या कारखान्याच्या नळातून येतेय, भिंतीवरून. रस्ता दिसत नाहीये."

"वाफ? कारखान्यांच्या वाफेतून तर आपण रोज जायचो." त्यांनी स्टिअरिंगवर हलकेच टिचकी मारली, जशा त्या आपल्या जुन्या गाडीला मारायच्या. "चल गं. वाफच हाय."

गाडी हलली नाही. वाफ कमी व्हायची, पुन्हा दाट व्हायची. संदीप अवघडला. "बाई, मी हातानं पुढं घ्यायला सांगू का? तिला ती भिंतीसारखी दिसतेय. आणि कशाचा अडथळा ते ती सांगत नाही, ते माझंच चुकलंय, ते..."

"थांब," बाई म्हणाल्या.

बाई समोर बघत होत्या. म्हणजे चेहरा समोर होता.

"बरोबर करते ती. दिसत नसलं तर थांबायला हवं. मी नव्हते थांबले."

संदीपला कुंभवलीच्या त्या सायकलवाल्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नुसती. वाफ विरेपर्यंत आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. मग गाडी म्हणाली, "मार्ग मोकळा आहे," आणि निघाली. बाईंचा पाय मात्र त्यानंतर एकदाही दाबला गेला नाही. फाटकाशी गाडी थांबली, दार उघडलं, आणि बाहेरून वैनींचा आवाज आला, "आली का गं सुमन? हिकडं, हिकडं पाय टाक. पानी हाय खाली."

त्यानंतरचं वर्ष बाईंनी त्या फेरीच्या आठवणीवर काढलं. कोण आलं की सांगत. काय काय सुधारायला हवं ते संदीपला फोन करून सांगत. उजेड आणि अंधार एवढंच आता त्यांना कळत होतं, पण बोलण्यात एक प्रकारची घाई होती, नोकरीवर असल्यासारखी.

संदीप एका रविवारी न कळवता आला. मी होते. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. बाईंना आवाजावरून कळलं असावं. कंपनीनं विनाचालक गाडीचं काम बंद केलं होतं. आपल्या रस्त्यांवर ती कधी चालेल याचा भरवसा नाही, तोवर पैसा कोण घालणार, असं वरच्यांचं म्हणणं. त्याला आता ट्रकवाल्यांच्या यंत्रावर टाकलं होतं. चालकाला डुलकी लागली तर ते यंत्र ओरडून उठवणार.

"ते पण चांगलं हाय," बाई लगेच म्हणाल्या. "झोपतात रे बिचारे. हायवेवर किती माणसं मरतात. चांगलं काम हाय ते."

"बाई, येईल ती गाडी. कुणीतरी आणेलच."

"येणारच. का नाय येणार? तू म्हातारा होशील तेव्हा बसशील." त्यांनी वैनींना सांगून त्याच्यासाठी केळीचा घड काढायला लावला. तो गेल्यावर बराच वेळ त्या ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. "मीच जरा लवकर जन्मले गं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

वैनी गेल्या त्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात. दुपारी पानमळ्यात पाणी सोडायला गेल्या होत्या. बाईंनी ओट्यावरून हाक मारली, ओ आली नाही. परत मारली. वैनींचा आवाज विहिरीवरून रस्त्यावर जायचा. त्या ओ देत नाहीत म्हणजे काहीतरी झालं. बाई भिंत धरून उतरल्या, पाटाच्या पाण्यात पाय ठेवून पाण्याच्या धारेनं चालत गेल्या आणि वैनी त्यांच्या हाताला लागल्या. पाटाच्या कडेला आडव्या. श्वास चालू होता.

बाई ओरडल्या. शेजारचा माणूस आला आणि रिक्षा आणायला धावला. दुपारची वेळ, रिक्षा मिळेना. वैनींचं डोकं मांडीवर घेऊन बाई मळ्यात बसून होत्या. रिक्षा आली, पण पालघर यायच्या आधीच वैनी गेल्या.

मी संध्याकाळी पोचले. घरात बायका जमल्या होत्या. बाई शेडमध्ये होत्या, गाडीच्या टपावर हात ठेवून. गाडी स्वच्छ होती. आदल्याच दिवशी धुतलेली असावी. मी जवळ गेले. त्यांनी मला पावलांवरून ओळखलं.

"पालघर किती लांब हाय, वैशाली? मी झोपेत पण गाडी नेली असती."

मी त्यांचा दंड धरला.

"गाडी दारात होती," त्या म्हणाल्या. "आनि चालवणारी पण दारातच होती."

त्यानंतर मी त्यांना गाड्यांबद्दल बोलताना ऐकलं नाही. मोबाइलवरचं ते ऐकणंही थांबलं. एकटीनं माहीमला राहणं शक्य नव्हतं. पुतण्या प्रशांत भला माणूस. त्यानं सुरतला न्यायचं ठरवलं. पानमळा खंडानं कसायला दिला. जुनी गाडी भंगारवाला घेऊन गेला, तेव्हा बाई आत खोलीत बसून होत्या.

सुरतहून फोन यायचा. "बरी हाय गं. सगळं हातात देतात. लिफ्टपर्यंत जाते मी, खाली नाय जात." मी शाळेचं सांगायची, रस्त्याचं सांगायची. उमरोळीला भाजीवाल्या बसतात का अजून, एवढं त्या हमखास विचारत. गेल्या पावसाळ्यात प्रशांतचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. संदीपला मी कळवलं.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या सुरतला निघायच्या दिवशी. प्रशांत त्याची मोठी नवी गाडी घेऊन आला होता. जरा काही जवळ आलं की टूं टूं वाजणारी. बाईंना त्यानं मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, उशी दिली. मी खिडकीशी गेले. बाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "जा आता. उन्हात नको उभी राहू." प्रशांतनं काच वर केली.

गाडी अंगणातच वळवून घ्यायला लागली, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि तोंड रस्त्याकडे झालं तेव्हा मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला आले होते. बाईंना ते कळलं नसावं. त्यांनी हात वर केला आणि आपल्या बाजूच्या काचेतून हलवायला लागल्या. तिकडे विहीर होती आणि तिच्यामागे पानमळ्याचं कुंपण. कुणी नव्हतं. त्या हसून, मान वाकडी करून, एखाद्या लहान मुलाला करावा तसा हात हलवत होत्या. मी "बाई!" म्हणून हाक मारली, काचेवर मारायला हात उचलला, पण गाडी निघाली होती. वळणापर्यंत मला त्यांची पाठ आणि तो हात दिसत राहिला.